कंपनीतला व्यायाम: कामगार, कर्मचारी आणि व्यवस्थापन वारंवार विचारतात ते प्रश्न

चाकण, रांजणगाव, भोसरीच्या कारखान्यांत आणि हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही कामगारांचे आहेत, काही एचआरचे, काही थेट प्लँट हेडचे. उत्तरांतून माझं मत स्पष्ट दिसेल आणि ते मी लपवणार नाही: व्यायामाचा कार्यक्रम चालवायचा असेल, तर कंपनीने त्यासाठी कामाच्या तासांतला वेळ दिला पाहिजे.

कंपनीतला व्यायामाचा कार्यक्रम म्हणजे नक्की काय?

एका नावाखाली बऱ्याच गोष्टी चालतात. कुठे जिम असते, कुठे जिमच्या फीमध्ये सूट मिळते. कुठे पावलं मोजायची स्पर्धा, कुठे २१ जूनला योग दिनाचा कार्यक्रम, कुठे वर्षातून एकदा मॅरेथॉनचे टी-शर्ट. आणि काही ठिकाणी शिफ्ट सुरू होताना, टूलबॉक्स टॉकच्या (सुरक्षेच्या छोट्या बैठकीच्या) आधी, लाइनवरच पाच-दहा मिनिटांचा व्यायाम होतो. खाली जिथे मी ‘कार्यक्रम’ म्हणते, तिथे मुख्यतः हा शेवटचा प्रकार डोळ्यांसमोर ठेवा. बाकीचे वाईट नाहीत, पण त्यांचा फायदा फार थोड्यांपर्यंत पोचतो.

याचा खरंच उपयोग होतो का, की फक्त फोटोपुरतं असतं?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेत दोन मोठे प्रयोग झाले. इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला आरोग्य तपासणी, सवयी सुधारण्याचे वर्ग आणि भाग घेतल्याबद्दल पैसे मिळाले. दुसऱ्याला यातलं काहीच नाही. नंतर दोन्ही गटांची तुलना केली तेव्हा औषधोपचारावरचा खर्च, रजा, जिमला जाणं यांत नोंद घेण्याजोगा फरक नव्हता. दुसरा प्रयोग बीजेज या घाऊक दुकानांच्या साखळीत झाला. १६० दुकानं, सुमारे ३३ हजार कामगार. दीड वर्षानंतर कार्यक्रम असलेल्या दुकानांतले अधिक लोक ‘आम्ही नियमित व्यायाम करतो’ असं सांगत होते. मात्र रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, गैरहजेरी आणि खर्च होते तसेच राहिले. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

इलिनॉयमधली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक व्यवस्थापनाला सांगते. कार्यक्रमाला जे आपणहून आले, ते आधीपासूनच जास्त निरोगी होते, जिमला जाणारे होते, त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीच कमी होता. म्हणजे वर्षाअखेरीस ‘भाग घेणाऱ्यांची तब्येत न घेणाऱ्यांपेक्षा चांगली आहे’ असा अहवाल आला, तर त्यावरून कार्यक्रम यशस्वी झाला असं म्हणता येत नाही. ती माणसं तशीही ठीकच होती.

मग बंदच करायचं का?

नाही. ते प्रयोग सल्ला, वर्ग आणि बक्षिसं यांचे होते. प्रत्यक्ष कामाच्या वेळेत व्यायाम करून घेतला तर काय होतं, याचा अभ्यास डेन्मार्कमध्ये अनेक वर्षं चालला आहे आणि तिथलं चित्र वेगळं आहे.

तिथल्या हॉस्पिटलांत काम करणाऱ्या २०० महिलांचे दोन गट केले. दोघांना आठवड्यातून पाच वेळा, दहा-दहा मिनिटांचा व्यायाम दिला. एका गटाने तो वॉर्डाजवळच, ड्यूटीच्या वेळेत, सोबतिणींबरोबर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली केला. दुसऱ्या गटाला सांगितलं की घरी करा. दहा आठवड्यांनी कामाच्या जागी व्यायाम केलेल्या महिलांच्या पाठ-मान-खांद्याच्या वेदना घरच्या गटापेक्षा जास्त कमी झाल्या होत्या आणि ताकदही वाढली होती.

आपल्याकडे याचं कारण समजावून सांगायला नको. सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी पोचलेला माणूस किंवा संध्याकाळी सातला येऊन कणीक मळायला घेणारी बाई, या दोघांनाही ‘घरी करा’ म्हणून दिलेला छापील कागद फ्रिजवर लावण्यापलीकडे काही करता येत नाही. व्यायामाची इच्छा त्यांच्यातही असते. वेळ मात्र दुसऱ्याच्या हातात असतो आणि दिवसाचे आठ-नऊ तास तो कंपनीच्या हातात असतो.

मान-खांदे दिवसभर आखडलेले असतात. दोन मिनिटांत होईल असं काही आहे का?

आहे, आणि त्याचीही नीट परीक्षा झाली आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात मान-खांदे वारंवार दुखणारे १९८ ऑफिस कर्मचारी होते. काहींनी रोज दोन मिनिटं, काहींनी बारा मिनिटं रबरी ट्यूबने एकच व्यायाम केला. दहा आठवड्यांत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं आणि दोन मिनिटंवाले फारसे मागे नव्हते.

व्यायाम असा. रबरी पट्टा किंवा हँडल असलेली ट्यूब घ्या, स्पोर्ट्सच्या दुकानात मिळते. तिच्या मधोमध दोन्ही पावलांनी उभे राहा. टोकं दोन हातांत धरा. कोपर किंचित वाकलेले. आता दोन्ही हात बाजूंनी, थोडेसे पुढे ठेवून, हळूहळू वर न्या आणि खांद्याच्या रेषेत आले की थांबा. तितक्याच सावकाश खाली आणा. खाली येताना पट्टा हात ओढून नेतो, तो ओढू देऊ नका. तिथेच खरं काम होतं. खांदे कानांकडे चढत असतील तर पट्टा जास्त कडक आहे, हलका घ्या. सुरुवातीला आठ-दहा वेळा करून दमायला होईल, तेवढं पुरे. पंधरा वेळा सहज व्हायला लागलं की पुढच्या रंगाचा पट्टा. पट्ट्याला कुठे चीर गेली आहे का ते रोज बघा, कारण तुटलेला पट्टा तोंडावर येतो.

हात वर नेताना खांद्यात सुई टोचल्यासारखी कळ आली किंवा मुंग्या बोटांपर्यंत गेल्या, तर हा व्यायाम तुमच्यासाठी नाही. आधी तपासून घ्या.

मी आठ तास लाइनवर उभा असतो, पोती उचलतो. मला व्यायामाची काय गरज?

हा प्रश्न जितक्या वेळा येतो तितक्या वेळा मला त्यावर थांबावंसं वाटतं, कारण विचारणारा माणूस खरोखर दमलेला असतो.

कामातल्या हालचालीचा हृदयाशी संबंध आहे, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवलं की डबलडेकरमध्ये वर-खाली करणाऱ्या कंडक्टरांना, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. बेस्टच्या डबलडेकरमधून प्रवास केलेल्यांना त्या अरुंद जिन्यावरची कंडक्टरची ये-जा आठवत असेल. मॉरिस यांनी पुढे १९५६ मध्ये गणवेशाची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हर तरुण वयापासूनच कंबरेने मोठे असल्याचं आढळलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं, आणि हे त्यांनी स्वतःच मांडलं. तरी ‘हालचाल करणारं हृदय जास्त टिकतं’ हा धागा पुढच्या असंख्य अभ्यासांत पक्का झाला.

पण पोती उचलणं म्हणजे जिना चढणं नव्हे. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या अभ्यासात (२०२१) फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी होता, तर नोकरीत जड अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त होता. धूम्रपान, शिक्षण, उत्पन्न हे सगळं हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटला नाही. कारणं अशी सांगितली जातात: ओझं उचलताना, अवघडून उभं राहताना रक्तदाब तासन्‌तास चढलेला राहतो. दम लागेल आणि मग पूर्ण विश्रांती मिळेल, असा चढउतार कामात नसतो. कधी थांबायचं हे शरीर ठरवत नाही, लाइनचा वेग ठरवतो. त्यातही एकच बाजू वापरली जाते, उजवा हात आणि कंबर झिजते, बाकीचे स्नायू तसेच राहतात.

त्यामुळे हमाल, माथाडी, लोडर, वेल्डर, असेंब्लीवर उभे असणारे यांच्यासाठी कार्यक्रम वेगळा हवा. त्यांना आणखी दमवायचं नाही. कामात जे स्नायू वापरलेच जात नाहीत ते वापरायचे, जे आखडतात ते मोकळे करायचे, पाठीला आणि मांड्यांना ताकद द्यायची आणि आठवड्यातून तीन-चार वेळा भरभर चालणं ठेवायचं. आणि एक गोष्ट व्यायामाच्या बाहेरची: ४० किलोचं पोतं दोघांनी उचलायचं असेल तर दोन माणसं द्या, ट्रॉली द्या, टेबलाची उंची बदला. कामाची रचना चुकीची ठेवून कामगाराला ‘स्ट्रेचिंग करत जा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आठवड्याला किती व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागणं. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी व्हायला हवीत अशी अट होती, ती आता काढली आहे. पार्किंगपासून गेटपर्यंतची चार मिनिटंही धरली जातात, भरभर चालला असाल तर.

भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढंही करत नाहीत, असा अंदाज २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२ टक्के.

दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

नाही. हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. २०१९ च्या अमेरिकन अभ्यासात वयस्क महिलांमध्ये दिवसाला ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसत होता आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावत होता. तुमची आज तीन हजार होत असतील तर साडेचार हजारांचं बघा.

स्टँडिंग डेस्क घ्यावं का? बसून काम करणं इतकं वाईट आहे?

दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१६ मध्ये केलेल्या विश्लेषणात दिसलं की दिवसाला आठ तासांहून जास्त बसणाऱ्यांचा वाढलेला धोका रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम व्यायाम केल्यास जवळपास नाहीसा होतो. एवढा वेळ मिळणं अवघड आहे, म्हणून बसण्यात खंड पाडणं महत्त्वाचं. अर्ध्या तासाने उठा, पाण्याची बाटली लहान ठेवा म्हणजे भरायला जावं लागेल, फोन आला की चालत बोला.

स्टँडिंग डेस्कने बसण्याचे तास कमी होतात हे खरं. पण नुसतं एका जागी उभं राहणं म्हणजे व्यायाम नाही. ज्यांना पायाच्या फुगलेल्या शिरांचा त्रास आहे त्यांना ते बाधतंही. पैसे मोजके असतील तर मी डेस्कऐवजी प्रशिक्षक आणि पट्टे घ्यायला सांगेन.

मी तर बारीक आहे. मला शुगर-बीपीची काळजी कशाला?

या प्रश्नाचं उत्तर पुण्यातूनच जगाला मिळालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे प्रा. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, आणि ही चरबी पोटाभोवती साठते.

म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त कामाची. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांची ८० पेक्षा जास्त असेल तर तपासणी करून घ्या, वजन काहीही असो. पँटचा साइज सांगू नका, तो बेंबीच्या खाली मोजलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर. कंपनीच्या तपासणीत पहिल्यांदाच शुगर कळलेले तिशीतले, शेलाटे तरुण मला नेहमी भेटतात, आणि त्यांच्यासाठी ताकदीचे व्यायाम चालण्याइतकेच गरजेचे आहेत.

डबा खाल्ल्यावर लगेच चाललं तर चालतं का?

चालतं, आणि चालावंच. आजी-आजोबांची शतपावली साखरेच्या बाबतीत खरी ठरली आहे. जेवणानंतर थोडंसं, अगदी काही मिनिटं, सावकाश चाललं तरी रक्तातली साखर कमी उसळते, कारण पायांचे स्नायू ती वापरतात. लंचच्या अर्ध्या तासातली शेवटची दहा मिनिटं शेडभोवती फेरी मारायला ठेवा. मे महिन्यात ही फेरी सावलीत किंवा शेडच्या आतल्या मोकळ्या पट्ट्यात. पोट भरल्यावर धावणं, जोर-बैठका मात्र नकोत.

सगळ्यांकडून सूर्यनमस्कार करून घेतले तर?

सूर्यनमस्कार उत्तम व्यायाम आहे आणि महाराष्ट्राला तो परका नाही. औंध संस्थानात तर राजांनीच त्याचा प्रसार केला. पण पन्नास जणांच्या मिश्र गटाला तो सरसकट देऊ नका. कमरेची गादी सरकलेली, बीपी आटोक्यात नसलेले, काचबिंदूचे रुग्ण, गुडघे दुखणारे, गरोदर महिला अशा अनेकांसाठी त्यातली वाकण्याची स्थिती योग्य नाही. सेफ्टी शूज घालून, ऑइल सांडलेल्या फ्लोअरवर तर नाहीच.

ऑफिसात सोपा पर्याय म्हणजे आयुष मंत्रालयाचा ‘वाय-ब्रेक’. पाच मिनिटांचा हा योगक्रम २०२१ मध्ये ॲपच्या रूपात आला, केंद्र सरकारच्या कार्यालयांना तो सुचवला गेला, आणि नंतर खुर्चीत बसून करायचा प्रकारही आला. ताडासन, खांदे फिरवणं, श्वसन, भ्रामरी असे सोपे प्रकार असल्यामुळे बहुतेकांना जमतो. त्याने मोकळं वाटतं. ताकद मात्र येत नाही, त्यासाठी पट्टे किंवा खुर्चीवरून उठबस जोडा.

व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना कुणी विचारावं?

भरभर चालण्यासाठी बहुतेकांना परवानगीची गरज नाही. पण हृदयविकार होऊन गेला असेल, चालताना छातीत दडपण येत असेल, कधी भोवळ आली असेल, बीपी वाढलेलं असून गोळ्या सुरू नसतील, तर आधी तपासणी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. साखर एकदम खाली जाते. खिशात ग्लुकोज किंवा साखरेची पुडी असू द्या आणि शेजारच्या सहकाऱ्याला तुमच्या मधुमेहाची कल्पना असू द्या.

व्यायाम करताना छातीत जडपणा, जबडा किंवा डावा हात भरून येणं, गार घाम, धाप, असं काही झालं तर लगेच थांबा आणि सांगा. ‘गॅस झालाय’ म्हणून कोपऱ्यात बसू नका. ओएचसीत (कंपनीच्या दवाखान्यात) न्या, १०८ ला फोन करा, माणसाला स्वतःच्या बाइकवर घरी पाठवू नका. कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाला छाती दाबून पुनरुज्जीवन देणं (सीपीआर) शिकवलेलं असलं पाहिजे. मी तरी याशिवाय वर्ग सुरू करत नाही.

नाइट शिफ्टवाल्यांनी काय करायचं?

त्यांच्यासाठी झोप पहिली. रात्रपाळीने शरीराचं घड्याळ बिघडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. शिफ्टला जाण्यापूर्वी संध्याकाळी व्यायाम सगळ्यात बरा. पहाटे दोन-तीनच्या सुमारास पाच मिनिटं हलका, उभ्याने केलेला व्यायाम पेंग घालवतो. सकाळी घरी पोचून झोपायच्या तोंडावर दमवणारा व्यायाम नको. आणि नाइट संपल्यावर सकाळी सातला ‘अनिवार्य योगवर्ग’ ठेवणाऱ्यांनी तो कृपा करून रद्द करावा.

महिला कर्मचारी येत नाहीत. त्यांना रस नसतो का?

रस असतो. वेळ, जागा आणि कपडे यांचा विचार झालेला नसतो. वर्ग संध्याकाळी सहाला ठेवला की कंपनीची बस सुटलेली, पाळणाघर बंद व्हायची वेळ झालेली. मुंबईत असेल तर ठरलेली लोकल चुकते आणि पुढची गर्दीची. सतरंजीवर आडवं होऊन, पुरुष सहकाऱ्यांसमोर, साडी किंवा कुर्त्यात पाय उचलायचा व्यायाम कुणीच करणार नाही. मी गटाचे सगळे व्यायाम उभ्याने किंवा खुर्चीत ठेवते, ओढणी-पदर मशीनपासून दूर राहील अशी जागा निवडते, आणि स्पर्शाने दुरुस्ती करायची झाली तर आधी विचारते. पाळीच्या दिवसांत कुणी बाजूला उभी राहिली तर कारण विचारायचं नाही, हे सुपरवायझरला आधीच सांगून ठेवावं. ज्या प्लँटमध्ये स्वच्छतागृह लांब आणि अस्वच्छ आहे, तिथे बायका पाणीच पीत नाहीत; तिथे आधी ते दुरुस्त करा.

कंत्राटी कामगार, सिक्युरिटी, हाउसकीपिंग यांनाही घ्यायचं का?

हो. बहुतेक ठिकाणी कार्यक्रम कंपनीच्या रोलवर असलेल्यांपुरता असतो, आणि वजनं उचलणारे, फरशी पुसणारे, बारा-बारा तास गेटवर उभे असणारे बाहेर राहतात. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे तेच वगळले जातात. प्रिन्सिपल एम्प्लॉयर, म्हणजे कंत्राटदारामार्फत काम करून घेणारी मूळ कंपनी, म्हणून कंत्राटदाराला लेखी कळवा की ही दहा मिनिटं हजेरीत धरली जातील आणि पगार कापला जाणार नाही. हे लेखी नसेल तर कामगार येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल.

स्टेप चॅलेंज आणि बक्षिसांनी उत्साह येतो ना?

येतो, काही आठवडे. सिंगापूरमध्ये तेरा संस्थांतल्या ८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. काहींना मनगटावर बांधायचे, पावलं मोजणारे पट्टे दिले, काहींना पट्टे आणि रोख रक्कम. सहा महिने पैसे मिळत होते तोवर चालणं वाढलं. पैसे थांबले आणि वर्ष पुरं होईपर्यंत तो फायदा राहिला नाही. बहुतेकांनी पट्टा घालणंही सोडलं. वजन, रक्तदाब यांत सुधारणा दिसली नाही.

बक्षीस द्यायचंच असेल तर विभागाला द्या, आणि हजेरीसाठी द्या. पहिल्या क्रमांकाची ट्रॉफी दरवर्षी त्याच दोन-तीन धावपटूंकडे जाते आणि गुडघेदुखीचा माणूस नाव नोंदवायचंच बंद करतो.

तपासणीत शुगर निघाली तर एचआरला कळेल? नोकरीवर येईल का?

ही भीती खरी आहे आणि अनेक जण याच कारणाने तपासणीच्या दिवशी रजा टाकतात. नियम साधा ठेवावा: रिपोर्ट बंद पाकिटात कामगाराला, दुसरी प्रत फक्त फॅक्टरी मेडिकल ऑफिसरकडे. व्यवस्थापनाला एवढंच की अमुक कामासाठी तंदुरुस्त आहे की नाही, आणि एकूण किती जणांना बीपी आढळलं, नावांशिवाय. घड्याळ-ॲपमधली झोप, नाडी, पावलं ही माहिती तर कंपनीने घेऊच नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण त्याआधीही डॉक्टरने रुग्णाची गोष्ट बाहेर सांगायची नाही हा दंडक होताच. कार्यक्रमात न येण्याचा परिणाम अप्रेझलवर होणार नाही, हे नोटीस बोर्डावर लावा.

कँटीन आणि चहाचं काय?

दोन चमचे साखरेचा एक कप म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. शिफ्टमध्ये पाच कप झाले की ४०-५० ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची कमाल मर्यादा सुमारे ५० ग्रॅमची आहे. यंत्रातला चहा आधीच साखर घालून येतो, माणसाला निवडच नसते. साखर वेगळी ठेवली तर अनेक जण आपोआप कमी घेतात. सकाळी वडापावबरोबर उसळ, उकडलेली अंडी, शेंगदाणे-चण्याची वाटी त्याच दरात ठेवा. जेवणात डाळ घट्ट आणि भाजी पुरेशी असली तर भाताचा ढीग लागत नाही. वडापाव बंद करू नका. बंदी घातली की तो गेटबाहेर जास्त तेलकट मिळतो.

तंबाखू सोडायला व्यायामाने मदत होते?

होते. तलफ काही मिनिटांत ओसरते आणि त्या वेळात भरभर चाललं तर तिचा जोर कमी होतो. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते, बहुतेक जण चघळण्याची. शिफ्टमध्ये चुना-तंबाखू मळण्याचा पाच मिनिटांचा ब्रेक अनेकांसाठी दिवसातली एकमेव हक्काची विश्रांती असते, म्हणून ती सवय तोडायची तर तेवढा ब्रेक दुसऱ्या रूपात द्यावाच लागतो. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे: १८००-११-२३५६.

दहा मिनिटं लाइन थांबवली तर टार्गेटचं काय?

आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. दहा मिनिटं म्हणजे दोन टक्क्यांहून थोडं जास्त. मी ‘उत्पादन वाढेल’ असं वचन देत नाही, कारण वर सांगितलेल्या मोठ्या प्रयोगांत तसं दिसलेलं नाही. दुखणं कमी होतं, एवढं मी खात्रीने सांगते, आणि त्यासाठी दोन टक्के देणं मला योग्य वाटतं.

जपानमध्ये १९२८ पासून रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो. तीनेक मिनिटं, तेरा हालचाली, पियानोच्या तालावर. युद्धानंतर तो बंद पडला आणि १९५१ मध्ये नव्या रूपात सुरू झाला. आजही अनेक कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाची सुरुवात त्यानेच होते. तिथे साहेब वेगळा उभा राहत नाही, हेही लक्षात घ्या. आपल्याकडे प्लँट हेड रांगेत उभे राहिले की हजेरी वाढते आणि ते केबिनमध्ये गेले की घटते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

फरक कधी दिसेल आणि काय मोजायचं?

मान-खांद्याच्या दुखण्यात दोन-अडीच महिन्यांत. रक्तदाबात साधारण तेवढ्याच काळात थोडी घट. एचबीए१सी ही चाचणी मागच्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे त्याआधी पुन्हा करू नका. वजन पहिल्या तीन महिन्यांत मोजूच नका, निराशा पदरी येते. प्रत्येकाला ‘शून्य ते दहामध्ये दुखणं किती’ हे सुरुवातीला आणि नंतर विचारा, आणि आलेल्यांबरोबर न आलेल्यांचीही नोंद ठेवा. कोण येत नाही हे कळलं की वेळ बदलायची की जागा, ते कळतं.

आमचं वर्कशॉप लहान आहे, बारा माणसं. एचआर नाही, जागा नाही.

मग तुमचं काम सोपं आहे. सकाळी शटर उघडल्यावर, मशीन सुरू करण्याआधी, सहा-सात मिनिटं. जागेवर पावलं उचलत चालणं, भिंतीला हात टेकून जोर, स्टुलावरून हात न लावता उठबस, पट्ट्याचा वर सांगितलेला व्यायाम, शेवटी मान आणि मनगटं. दोन-तीन पट्टे आळीपाळीने पुरतात. कुणा एकाला नीट शिकवून घ्या आणि तो रजेवर असेल त्या दिवसासाठी दुसऱ्यालाही, नाहीतर पहिल्याच रजेला खंड पडतो. जवळच्या फिजिओथेरपिस्टला सुरुवातीला एकदा आणि महिन्याने एकदा बोलावलं, तर चुकीच्या सवयी वेळीच सापडतात.